गोळी मिळते तिसऱ्या महिन्यात, बाळाचा कणा तयार होतो पहिल्याच महिन्यात

विशेष विश्लेषण

लग्नसराई संपली की तीन-चार महिन्यांत गावागावांतल्या उपकेंद्रावर नव्या नोंदी सुरू होतात. पाळी चुकलेली असते, कुणाला दोन महिने, कुणाला तीन महिने झालेले असतात. आशाताई नाव लिहून घेतात, सिस्टर वजन आणि बीपी बघतात, कार्ड तयार होतं आणि गोळ्यांचं पाकीट हातात पडतं. कागदावर सगळं बरोबर होतं. पण त्या गोळीतल्या एका औषधाचं सगळ्यात मोठं काम करायची वेळ तोपर्यंत निघून गेलेली असते.

ते औषध म्हणजे फॉलिक ॲसिड. हिरव्या पाल्यात आणि कडधान्यात जे फोलेट नावाचं जीवनसत्त्व असतं, त्याचंच हे गोळीतलं रूप. रक्त तयार व्हायला ते लागतं, आणि पोटातल्या बाळाचा मेंदू व पाठीचा कणा नीट जुळायला तर ते लागतंच. गोळी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, गोळी उशिरा येते. दुसरी, ती एकटी येते. तिच्या जोडीला लागणारं बी १२ हे जीवनसत्त्व आपल्या ताटातही कमी आणि गोळीतही नाही.

२८ दिवसांचा हिशेब

गर्भ राहिल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाच्या अंगात एक बारीक नळी तयार होते. आधी ती पन्हाळीसारखी उघडी असते, मग दोन्ही कडा जवळ येऊन मिटतात. तिच्या वरच्या टोकाचा मेंदू होतो, खालच्या भागाचा पाठीचा मज्जारज्जू. ही नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत पूर्ण मिटलेली असते.

वरचं टोक मिटलं नाही तर कवटी आणि मेंदू पूर्ण तयार होत नाही. असं बाळ पोटातच जातं किंवा जन्मल्यावर काही तासांत, फार तर काही दिवसांत दगावतं. खालचा भाग उघडा राहिला तर बाळ पाठीवर गाठ किंवा पाण्याचा फुगा घेऊन जन्मतं. काहींच्या पायांत ताकद नसते, लघवी-शौचावर ताबा नसतो, बऱ्याच जणांच्या डोक्यात पाणी साठतं. ऑपरेशन करून गाठ बंद करता येते, पण खराब झालेल्या नसा पहिल्यासारख्या होत नाहीत.

आता तारखांचा हिशेब बघा. समजा एखाद्या बाईची शेवटची पाळी १ जानेवारीला आली. पाळी नियमित असेल तर गर्भ राहतो जानेवारीच्या मध्यावर. पुढची पाळी चुकल्याचं कळतं २९ जानेवारीच्या आसपास. बाळाची नळी मिटते १२ फेब्रुवारीच्या सुमाराला. म्हणजे पाळी चुकल्यापासून हातात उरतात जेमतेम दोन आठवडे. त्यातला पहिला आठवडा "होईल उद्या-परवा" म्हणण्यात जातो. दुसरा कुणाला सांगावं, कधी सांगावं यात जातो.

आरोग्य खातं ज्याला "लवकर नोंदणी" म्हणतं, ती बारा आठवड्यांच्या आतली नोंदणी. याच उदाहरणात बारा आठवडे भरतात २६ मार्चला. म्हणजे सरकारी हिशेबात वेळेवर नोंदलेली बाईसुद्धा बाळाची नळी मिटल्यावर सहा आठवड्यांनी पहिली गोळी घेऊ शकते. यात आशाताईंनी किंवा सिस्टरांनी कामचुकारपणा केला असं अजिबात नाही. सगळी यंत्रणा "दिवस गेल्याचं कळल्यावर" सुरू होते, आणि बाळाचं शरीर त्याआधीच कामाला लागलेलं असतं.

आकडे काय सांगतात

२०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात ७० टक्के मातांची पहिली तपासणी पहिल्या तीन महिन्यांत झाली. उरलेल्या ३० टक्के त्यानंतर आल्या किंवा आल्याच नाहीत. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या किमान १८० दिवस खाल्ल्या असं सांगणाऱ्या माता होत्या फक्त २६ टक्के. गोळ्या वाटल्या गेल्या, पण पोटात गेल्या नाहीत. याचं कारण गावात सगळ्यांना माहीत आहे. लोहाच्या गोळीनं मळमळतं, शौचास कडक होतं, रंग काळा होतो. मग पाकीट डब्याच्या मागं पडून राहतं.

यात एक गोष्ट मात्र नीट सांगितली जात नाही. पहिल्या तीन महिन्यांत द्यायची गोळी नुसत्या फॉलिक ॲसिडची असते, रोज ४०० मायक्रोग्रॅम. ती छोटी असते आणि तिचा लोहाच्या गोळीसारखा त्रास होत नाही. लोहाची लाल गोळी सुरू होते चौथ्या महिन्यापासून. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती बाळंत होईपर्यंत १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायची असते. दोन्ही गोळ्या एकच समजून "मला ती गोळी सोसत नाही" म्हणत पहिलीही टाळली जाते.

भारतात असं व्यंग हजार जन्मांमागे साधारण चार बाळांमध्ये आढळतं, असा वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज आहे. सपाटीवरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे तीस हजार लोकसंख्या असते. हजारी पंधराच्या हिशेबानं तिथं वर्षाला साडेचारशेच्या आसपास बाळंतपणं होतात. म्हणजे एका केंद्राच्या हद्दीत वर्षाला दीड-दोन घरांवर ही वेळ येऊ शकते. गावाला एखादीच घटना दिसते म्हणून ती "नशीब" वाटते. जिल्ह्याची बेरीज केली तर तो नशिबाचा प्रश्न राहत नाही.

निळी गोळी, लाल गोळी आणि मधली पोरगी

शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते, हे दहावी-बारावीच्या मुलींना माहीत आहे. त्यातही लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. पोरगी शाळा सोडते तेव्हा निळी गोळी सुटते. पुढं दिवस गेल्यावर तिला लाल गोळी मिळते. या दोन गोळ्यांच्या मध्ये तिचं लग्न होतं, घर बदलतं, बहुतेक वेळा तालुका बदलतो. माहेरच्या आशाताईंच्या यादीतून नाव गेलेलं असतं, सासरच्या यादीत अजून आलेलं नसतं. बाळाच्या कण्याच्या दृष्टीनं हेच दिवस सगळ्यात महत्त्वाचे.

धोरणात हे लिहिलेलं नाही असंही नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे, की गर्भ राहण्याआधीच्या काळापासून पहिले तीन महिने संपेपर्यंत बायकांनी रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावं. २० ते ४९ वयाच्या, गरोदर नसलेल्या बायकांना आठवड्याला एक लाल गोळी द्यायचीही तरतूद आहे. पण गरोदर नसलेली किती बाई "माझी गोळी द्या" म्हणून उपकेंद्रावर जाते? आणि गेलीच तर गावात चर्चा काय होते, हे वेगळं सांगायला नको.

आठवड्याच्या गोळीबाबत आणखी एक अडचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं आठवड्याला एकदा द्यायच्या गोळीत २.८ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड सुचवलं आहे. ते रोजच्या ४०० मायक्रोग्रॅमचे सात दिवस झाले. आपल्याकडच्या आठवड्याच्या गोळीत ते अर्धा मिलिग्रॅम आहे. रक्तवाढीसाठी तिचा उपयोग आहेच, पण बाळाच्या कण्यासाठी त्यावर विसंबून चालणार नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचं तर विचारायलाच नको. दिवाळीनंतर टोळी निघते ती पट्टा पडेपर्यंत परत येत नाही. फडावर दिवस गेले तर पहिले तीन महिने कोपीवरच जातात. गावातल्या नोंदवहीत ती बाई "स्थलांतरित" असते आणि कारखान्याच्या भागात ती कुणाच्याच वहीत नसते.

चीनमध्ये लग्नाच्या वेळीच गोळी दिली

यावर उपाय नाही असं नाही. तो जगात करून बघितलेला आहे.

१९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं सात देशांतल्या ३३ केंद्रांवर केलेल्या चाचणीचा निकाल जाहीर झाला. ज्या मातांचं आधीचं बाळ अशा व्यंगाचं होतं, त्यांना पुढच्या गरोदरपणाच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं. पुन्हा तसंच बाळ होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं.

त्यानंतर चीननं ४०० मायक्रोग्रॅमची साधी गोळी घेऊन फार मोठा प्रयोग केला. तिथं लग्नाआधी जी आरोग्य तपासणी होते, तिथूनच गोळी सुरू करायला सांगितलं आणि गरोदरपणाचे पहिले तीन महिने संपेपर्यंत चालू ठेवली. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. उत्तर चीनमध्ये गोळी न घेणाऱ्यांत हजारी जवळपास ५ बाळांना व्यंग होतं. वेळेत आणि नियमित गोळी घेणाऱ्यांत ते हजारी १ वर आलं. उत्तर चीनचा आधीचा आकडा भारताच्या आजच्या अंदाजापासून फार लांब नाही, म्हणून हा अनुभव आपल्यासाठी मोलाचा आहे. तिथं गोळी जोडली गेली लग्नाशी. आपल्याकडे ती जोडलेली आहे गरोदरपणाच्या नोंदणीशी. फरक एवढाच आहे, पण तो तीन-चार महिन्यांचा आहे.

मुंबईच्या गिरणगावापासून पुण्याजवळच्या गावांपर्यंत

फोलेटचा शोध लागण्यात महाराष्ट्राचा वाटा आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्लंडच्या डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत होत्या, त्याचं कारण त्यांना शोधायचं होतं. त्यांनी या बायकांचा आहार तपासला. यीस्टचा अर्क दिल्यावर रक्त सुधारतं, हे त्यांनी १९३१ मध्ये जगासमोर मांडलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तोच घटक वेगळा काढला गेला. पानासाठी लॅटिन भाषेत जो शब्द आहे, त्यावरून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड.

साठेक वर्षांनी दुसरा महत्त्वाचा अभ्यास झाला, तोही महाराष्ट्रातच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, भाकरी-भाजी खाणाऱ्या घरांतल्या या बायका. त्यांच्या पूर्ण दिवसांच्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २,६६५ ग्रॅम भरलं. ज्या माता पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं आकारानं मोठी होती. सातव्या महिन्याच्या सुरुवातीला ज्यांच्या रक्तात फोलेट जास्त, त्यांच्या बाळाचं वजनही जास्त, असंही दिसलं.

पण रक्ताच्या तपासणीत खरा धक्का वेगळाच होता. सातशे मातांपैकी फोलेटची कमतरता आढळली फक्त एकीला. बी १२ मात्र दोनतृतीयांश मातांना कमी होतं. गिरणगावातल्या बायकांना जे कमी पडलं होतं ते या गावांतल्या ताटात होतं. कमी होतं ते दुसरंच.

मग प्रश्न पडेल, फोलेट कमी नव्हतं तर गोळी कशाला? याचं उत्तर असं, की रक्त कमी होऊ नये म्हणून लागणारं फोलेट आणि बाळाची नळी नीट मिटावी म्हणून लागणारं फोलेट यांत मोठा फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार दुसऱ्या कामासाठी तांबड्या पेशींतलं फोलेट पहिल्याच्या चौपट असावं लागतं. रक्तक्षय नाही म्हणजे बाळाच्या कण्याची काळजी मिटली, असं होत नाही. आणि बी १२ कमी असेल तर शरीराला फोलेट पूर्ण वापरताच येत नाही.

या अभ्यासातली मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्यांच्या आईचं फोलेट जास्त पण बी १२ कमी होतं, त्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची चिन्हं सगळ्यात जास्त होती. म्हणजे पुढं मधुमेहाकडं झुकणारी वाट. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. याचा अर्थ "फॉलिक ॲसिडनं मधुमेह होतो, गोळी नको" असा काढणं चूक आहे. हे एकत्र दिसलेलं प्रमाण आहे, गोळीमुळंच झाल्याचा तो पुरावा नव्हे. बाळाचा कणा वाचवणारी गोळी सोडणं धोक्याचंच आहे. अर्थ एवढाच, की फोलेटच्या जोडीला बी १२ बघायला हवं. नुसतं फॉलिक ॲसिड घेऊन रक्त सुधारलेलं दिसतं, पण बी १२ कमी असेल तर हातापायाला मुंग्या येणं, नसा कमजोर होणं आतल्या आत चालूच राहतं.

त्याच गावांतली, त्याच अभ्यासात जन्मलेली मुलं-मुली वयात आल्यावर २०१२ मध्ये त्यांना बी १२ द्यायचा प्रयोग सुरू झाला. लग्न आणि मूल होण्याच्या आधीच शरीराची तयारी करावी, हाच त्यामागचा विचार.

दूध डेअरीला, घरात कोरा चहा

बी १२ भाजीत नसतं, डाळीत नसतं. ते मिळतं दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतून. आपल्याकडे दुभती जनावरं आहेत, सकाळ-संध्याकाळ डेअरीवर रांग असते. पण कॅन भरून जातो आणि घरात चहापुरतं उरतं. त्यातलंही आधी पोरांना, मग म्हाताऱ्यांना, मग गड्याला. नव्या सुनेच्या वाट्याला दुधाचा पेला कितींदा येतो, हे ज्याच्या त्याच्या घरात बघावं. अंडी दहा-बारा कोंबड्यांची निघतात, ती बाजारात जातात. श्रावण, गुरुवार, एकादशी, चतुर्थी धरली तर सामिष खाणाऱ्या घरातही बाईच्या ताटात ते क्वचितच येतं.

दुधाचे पैसे घर चालवतात, त्यामुळं "दूध विकू नका" असं सांगणं सोपं आहे, करणं अवघड. पण लिटरातला एक पेला घरातल्या गरोदर किंवा नव्यानं लग्न झालेल्या बाईसाठी राखला, तर डेअरीच्या हिशेबात फार फरक पडत नाही. बाळाच्या हिशेबात पडतो.

फोलेटचं उलट आहे. मेथी, पालक, चवळई, शेवग्याचा पाला, हरभरा, मूग, चवळी, मोड आलेली मटकी, शेंगदाणे यांत ते आहे. पण ते पाण्यात विरघळतं आणि जास्त उकळल्यानं नष्ट होतं. भाजी उकळून पाणी पिळून टाकलं, की फोलेटही मोरीत जातं. शिवाय गरज वाढते किती बघा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणं साध्या बाईला रोज २२० मायक्रोग्रॅम फोलेट लागतं, गरोदर बाईला ५७०. अडीचपटीहून जास्त भाजी काही कुणी खात नाही. म्हणून ताटाबरोबर गोळी लागते.

रेशनच्या तांदळानं भागेल का?

२०२१ मध्ये पंतप्रधानांनी स्वातंत्र्यदिनी पोषणयुक्त तांदळाची घोषणा केली आणि तो रेशनवर यायला लागला. त्यातले पांढरट, पाण्यावर तरंगणारे दाणे बघून "प्लास्टिकचा तांदूळ आला" म्हणून गावोगाव व्हिडिओ फिरले. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी १२ मिसळून दाणे बनवतात आणि साधारण शंभर दाण्यांत एक या प्रमाणात टाकतात. वेचून फेकले तर त्यातलं सत्वच फेकलं जातं.

मात्र त्यावर सगळं सोडून चालणार नाही. नियमानुसार एक किलो तांदळात फॉलिक ॲसिड ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम असतं. माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. ते सगळं तांदूळच धरलं, तरी महिनाभराच्या तांदळात मिळून जवळपास एका गोळीएवढंच फॉलिक ॲसिड होतं. तांदूळ चांगला आहे, पण गोळीची जागा तो घेत नाही.

बाळ जन्मल्यानंतर

नाळेतून बाळ आईकडून फोलेट ओढून घेतं. म्हणून जन्मलेल्या बाळाच्या नाळेच्या रक्तात ते आईपेक्षा जास्त असतं. नंतर अंगावरच्या दुधातूनही आईचं शरीर स्वतःचा साठा रिता करून बाळाला देत राहतं. फोलेटचा साठा तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही. म्हणून बाळंतपणानंतरच्या १८० दिवसांच्या गोळ्या "आता काय गरज" म्हणून टाकायच्या नसतात. दोन बाळंतपणांत अंतर नसेल तर दुसऱ्या बाळाच्या वेळी आईकडं द्यायलाच काही उरत नाही.

बी १२ चं असं, की आईच्या अंगातच ते नसेल तर दुधातही येत नाही. सहा महिन्यांनंतर बाळ फिकट पडतं, हसायचं-खेळायचं कमी होतं, केस विरळ आणि भुरे होतात, हात थरथरतात. "दात येताहेत" किंवा "नजर लागली" म्हणून घरी ठेवू नये. लवकर उपचार झाले तर अशी बाळं सुधारतात.

काही ठिकाणी बाळाला शेळीचं दूध हलकं म्हणून देतात. शेळीच्या दुधात फोलेट अगदी कमी असतं. नुसत्या त्या दुधावर वाढलेल्या तान्ह्या बाळाला रक्तक्षय होतो, हे वैद्यकशास्त्राला शंभर वर्षांपासून माहीत आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हेच बरोबर.

दोष सुनेचा नाही

पाठीवर गाठ असलेलं बाळ जन्मलं की पहिला प्रश्न सुनेला विचारला जातो. ग्रहणात भाजी चिरली का, काय खाल्लं, कुठं गेली होती. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. अशा व्यंगाला आईचा मधुमेह, फिटवरची काही औषधं, आनुवंशिकता अशी बरीच कारणं असतात. गोळी वेळेत घेऊनही काही बाळांना ते होतं. जिला गोळी कधी घ्यायची हे कुणी सांगितलंच नाही, तिला जबाबदार धरणं हा अन्याय आहे.

असं बाळ जन्मलंच तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे व्यंग तपासणी आणि उपचाराच्या यादीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्याची सोय आहे. गाठीवर हळद, राख, पाला लावू नये. स्वच्छ ओलसर कापडानं झाकून, पोटावर किंवा कुशीवर ठेवून लगेच न्यावं.

गावात काय करता येईल

नवीन योजना, नवीन निधी यांची वाट बघायची गरज नाही. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंदणी होते. आशाताईंकडं पात्र जोडप्यांची वही असते. उपकेंद्रात गोळी असते. या तिन्ही गोष्टी एकमेकींना जोडायच्या राहिल्या आहेत. लग्नाचा दाखला देतानाच नाव आशाताईंना कळलं, तर पहिल्या भेटीत फॉलिक ॲसिड देता येईल. टोळी निघायच्या आधी ऊसतोड जोडप्यांना पूर्ण हंगामाच्या गोळ्या बांधून देता येतील. ग्रामसभेत रस्ते-पाण्याबरोबर एक प्रश्न विचारता येईल: आपल्या उपकेंद्रात ४०० मायक्रोग्रॅमची नुसती फॉलिक ॲसिडची गोळी शिल्लक आहे का, आणि या वर्षी लग्न झालेल्या किती जणींना ती मिळाली? दरमहा ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी असते, तिथं बी १२ बद्दल डॉक्टरांना विचारता येईल.

घरात लक्षात ठेवायचं

• मूल हवं असं ठरलं की लगेच गोळी सुरू करावी. निदान एक-दोन महिने आधी. पाळी चुकायची वाट बघू नये.

• नोंदणी उशिरा झाली तरी गोळी टाळू नये. कण्यासाठी उशीर झाला असला तरी आईच्या रक्तासाठी आणि बाळाच्या वाढीसाठी तिचा उपयोग आहेच.

• मेडिकलमध्ये मिळणारी गोळी बऱ्याचदा ५ मिलिग्रॅमची असते. ती ४०० मायक्रोग्रॅमच्या बारापटीहून जास्त झाली. पाकिटावरचा आकडा वाचावा. मोठी गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच घ्यावी.

• आधीचं बाळ अशा व्यंगाचं असेल, फिटची गोळी चालू असेल, मधुमेह किंवा सिकलसेल असेल, तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना भेटावं. गोळीचं प्रमाण वेगळं लागतं. फिटची गोळी आपल्या मनानं बंद करू नये.

• पालेभाजी आणि कडधान्य रोज, शिजवलेलं पाणी न फेकता. दूध, दही किंवा अंडं जे घरात चालत असेल ते बाईच्या ताटात रोज.

• पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी चुकवू नये. मोठं व्यंग बहुतेक वेळा त्यात दिसतं आणि पुढं काय करायचं हे ठरवायला वेळ मिळतो.

नव्या सुनेला ओटीत नारळ, तांदूळ, खण मिळतो. त्याच आठवड्यात आशाताईंकडून गोळीचं एक पाकीटही मिळालं, तर येणाऱ्या बाळाच्या कण्याचं काम वेळेवर सुरू होईल.